१० वर्षांच्या मुलीसाठी स्की रेसिंगचे बूट वाढत्या मापाचे घ्यावेत का?

नाही, स्कीचे बूट वाढत्या मापाचे अजिबात घेऊ नका. आणि गुलमर्गला पहिल्यांदाच शिकायला जात असाल तर स्की तिथेच भाड्याने घ्या. कोल्हापुरात महाद्वार रोडवर शाळेचे बूट घेताना आपण अंगठ्यानं दाबून पुढं जागा सोडतो, ती सवय इथं नडते. सैल बुटात टाच उचलते, मग पोरगी वळायला जाते आणि स्की सरळच धावते. माझ्या मुलाच्या वेळी तिथल्या प्रशिक्षकानं दाखवलेली रीत अशी: बुटातलं मऊ अस्तर काढायचं, नुसत्या कवचात पाय घालून बोटं पुढं टेकवायची, टाचेमागं एक बोट, फार तर दीड बोट जागा उरली की माप बरोबर. माप सेंटिमीटरमध्ये असतं, तेव्हा घरीच पट्टीवर पाय मोजून ठेवा. स्की हनुवटी ते नाकाइतकी उंच पुरे. बाइंडिंगचे, म्हणजे बूट स्कीला अडकवणाऱ्या पकडीचे, स्क्रू स्वतः फिरवू नका. वजन, उंची, वय सांगून दुकानातच बसवून घ्या. विकत घ्यायचंच तर हेल्मेट घ्या. फक्त पुढं जायंट स्लॅलमची (खांबांमधून वळणं घेत वेगानं उतरायची) रेस ठरली तर कानांवरही कडक कवच असलेलं लागतं, ते आयोजकांना आधी विचारून घ्या.