घरच्या जुन्या कॉम्प्युटरवरून स्वतःची वेबसाइट चालवता येईल का?

येते की, मी जुळे सोलापुरात घरी जुन्या डेस्कटॉपवर चालवतोय, उबुंटू (लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिम) टाकलं, एन्जिनएक्स (साइटची पानं पाठवणारं सर्व्हर सॉफ्टवेअर) टाकलं, अर्ध्या तासात साइट घरातल्या मोबाईलवर दिसायला लागली. खरी गंमत पुढं. बाहेरून काही केल्या उघडेना, दोन रात्री राउटरमध्ये पोर्ट ८० आणि ४४३ (वेबसाइटची दारं) फॉरवर्ड करत, म्हणजे बाहेरून येणारं कनेक्शन कॉम्प्युटरकडं वळवत बसलो आणि मग कळलं की आपल्याला पब्लिक आयपीच, म्हणजे इंटरनेटवरून थेट गाठता येणारा पत्ताच, नाहीये! म्हणून आधी हे बघा, राउटरच्या पानावर वॅन आयपी (इंटरनेट प्रोव्हायडरनं राउटरला दिलेला पत्ता) १००.६४ ते १००.१२७ मधला दिसला तर तुम्ही सीजीनॅटच्या मागं आहात, म्हणजे एकच आयपी बऱ्याच घरांत वाटलेला, पोर्ट कितीही उघडा, उपयोग शून्य. मग एक तर प्रोव्हायडरकडून पैसे भरून स्टॅटिक (कायम तोच राहणारा) आयपी घ्या नाहीतर क्लाउडफ्लेअर टनेल लावा, फुकट आहे, फक्त स्वतःचं डोमेन (साइटचं नाव) लागतं. त्यात तुमचंच मशीन बाहेर क्लाउडफ्लेअरच्या सर्व्हरला कनेक्शन लावतं आणि लोक त्यातूनच साइटवर येतात, त्यामुळं पोर्ट उघडायची भानगडच नाही.

आता लाइट. ६० वॅटचा डेस्कटॉप २४ तास चालला तर महिन्याला ४३ युनिट, वर मे महिन्यात आपल्याकडं ४० च्या वर पारा, माझा फॅन तर कडबा कुट्टीसारखा वाजतो. रास्पबेरी पाय (एका छोट्या बोर्डावरचा कॉम्प्युटर) घेतला तर ५ वॅटच्या आसपास काम भागतं. आणि राउटरलासुद्धा छोटा यूपीएस लावा, नुसत्या कॉम्प्युटरला लावून लाइट गेल्यावर काय उपयोग.

एसएसएच (लांबून कॉम्प्युटरवर लॉगिन करायची सोय) वापरत असाल तर पासवर्डनं लॉगिन बंद ठेवा, त्याऐवजी एसएसएच की, म्हणजे किल्लीसारखी फाइल वापरा. नुसती साधी पानंच टाकायची असतील तर गिटहब पेजेस (गिटहबच्या सर्व्हरवर पानं ठेवायची सेवा) बरं पडेल.