डायरेक्ट पत्ता नोंदवलात, पण उघडतं कोण?

अमेरिकेत प्रॅक्टिस करणारे मराठी डॉक्टर आणि त्यांचं ऑफिस सांभाळणारी मंडळी यांच्याकडून यावेळी एकाच विषयावर पत्रं आली आहेत: एनपीआय, म्हणजे डॉक्टरांचा अमेरिकेतला ओळख क्रमांक, याच्या सरकारी नोंदणीत (एनपीपीईएसमध्ये) द्यायचा इलेक्ट्रॉनिक पत्ता. एक पत्र मात्र एका पेशंटच्या मुलीचं आहे.

सीएमएसच्या (मेडिकेअर हा सरकारी आरोग्य विमा चालवणाऱ्या संस्थेच्या) यादीत 'डिजिटल संपर्क नाही' म्हणून माझं नाव आहे, असं एका सहकाऱ्यानं सांगितलं. दंड होईल का? आणि भरायचं काय?
— बालरोगतज्ज्ञ, एडिसन, न्यू जर्सी

दंड होत नाही. 2016च्या क्युअर्स ॲक्टनं डॉक्टरांच्या डिजिटल पत्त्यांची देशव्यापी सूची करायला सांगितलं. ज्यांनी पत्ता दिलेला नाही त्यांची नावं जाहीर करायची, असं सीएमएसनं 2020च्या नियमात ठरवलं. शिक्षा म्हणाल तर तेवढीच.

तरी भराच, आणि त्याचं कारण यादी नव्हे. पेशंट इमर्जन्सीत आला, भरती झाला किंवा घरी गेला की त्याच्या नेहमीच्या डॉक्टरला इलेक्ट्रॉनिक सूचना पाठवणं 2021पासून मेडिकेअरशी जोडलेल्या बहुतेक हॉस्पिटलांवर बंधनकारक आहे. तुमच्याकडचं दम्याचं मूल रात्री दोनला इमर्जन्सीत गेलं, तर सकाळी ते तुम्हाला कळायला हवं. त्यासाठी पाठवणाऱ्याला तुमचा पत्ता सापडला पाहिजे.

एनपीपीईएसमध्ये लॉगिन करून आपल्या एनपीआयमधलं 'हेल्थ इन्फर्मेशन एक्स्चेंज' हे पान उघडा. तिथे पत्त्याचा प्रकार निवडायचा असतो. छोट्या प्रॅक्टिससाठी बहुधा 'डायरेक्ट मेसेजिंग ॲड्रेस', म्हणजे डॉक्टर-हॉस्पिटलांमधल्या सुरक्षित संदेशांचा पत्ता, हाच योग्य. तो नव्यानं विकत घ्यायला धावू नका. सर्टिफाइड ईएचआर (पेशंटच्या नोंदींचं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर तुमच्या नावाचा पत्ता आधीच तयार असण्याची शक्यता मोठी आहे. ईएचआर कंपनीच्या सपोर्टला फोन करून विचारा.

क्लिनिकचं जीमेल आम्ही दिवसभर उघडंच ठेवतो. तेच टाकलं तर? आणि डॉक्टरांना वेळ नसतो, त्यांच्या पासवर्डनं मी भरू का?
— ऑफिस मॅनेजर, डॅलस

दोन्हींना नाही.

डायरेक्ट पत्ता दिसतो ईमेलसारखाच, मध्ये @ असतो, पण त्यामागची व्यवस्था वेगळी आहे. प्रत्येक पत्त्याला डिजिटल सर्टिफिकेट असतं, मजकूर एन्क्रिप्ट होऊन जातो, आणि एकमेकांची ओळख पटलेल्या सेवा कंपन्यांमध्येच तो फिरतो. या कंपन्यांना 'हिस्प' म्हणतात. हॉस्पिटलनं डायरेक्टमधून तुमच्या जीमेलवर डिस्चार्ज समरी पाठवायचा प्रयत्न केला, तर ती पोचणारच नाही. शिवाय ही नोंदणी सगळ्यांना खुली आहे. नाव टाकलं की कोणालाही तुमचा पत्ता दिसतो आणि पूर्ण डेटा दर महिन्याला डाउनलोडला उपलब्ध होतो. एकदा गेलेलं जीमेल नंतर काढलंत, तरी लोकांनी उतरवून घेतलेल्या प्रती तशाच राहतात.

पासवर्डचं म्हणाल तर डॉक्टर तुम्हाला रीतसर 'सरोगेट' नेमू शकतात. मग तुमच्या स्वतःच्या लॉगिननं त्यांची माहिती बदलता येते.

मी दोन ठिकाणी काम करायचो, एक गेल्या वर्षी सोडलं. नोंदणीत दोन्ही पत्ते आहेत. जुना राहू दिला तर बिघडतं का?
— हृदयरोगतज्ज्ञ, शिकागोजवळ

बिघडतं, आणि फार बिघडतं. माझं स्पष्ट मत आहे की कोणी उघडत नाही अशा पत्त्यापेक्षा रिकामा रकाना बरा. रकाना रिकामा दिसला तर पाठवणारा फॅक्स करतो, नाहीतर फोन तरी करतो. जुना पत्ता अजून चालू असेल, तर समरी तिथे जाते आणि 'पोचलं' अशी पावतीही परत येते. ती पावती यंत्राची असते. संदेश पलीकडच्या सर्व्हरवर पोचला, एवढंच ती सांगते. कोणी वाचला की नाही, हे तिला माहीत नसतं. हॉस्पिटलच्या लेखी काम झालेलं असतं. हार्ट फेल्युअरच्या पेशंटचा लघवीच्या गोळीचा डोस वाढवलेला असतो, 'आठवड्यात पोटॅशियम आणि क्रिएटिनिन बघा' ही ओळ त्या समरीत असते, आणि ती तुमच्यापर्यंत येतच नाही.

म्हणून जुना पत्ता आजच काढा. पत्त्यासारखी एनपीआयची माहिती बदलली की 30 दिवसांत कळवायची असतेच, त्याच वेळी हेही बघून टाका. नवा पत्ता टाकताना तो कोणत्या संस्थेशी जोडलेला आहे, तेही नोंदवा.

पत्ता टाकून झाला की ओळखीच्या एखाद्या डॉक्टरला त्यावर चाचणीचा संदेश पाठवायला सांगा, पण आपल्या स्टाफला आधी काही सांगू नका. तो कोणाच्या इनबॉक्समध्ये पडतो आणि किती वेळानं उघडला जातो, ते पाहा. अनेक ईएचआरमध्ये डायरेक्टचे संदेश वेगळ्याच फोल्डरमध्ये जातात आणि तिथे कोणी फिरकत नाही. तो फोल्डर रोज बघायचं काम एका माणसाकडे, नाव घेऊन, सोपवा. तो रजेवर असेल तेव्हा कोण बघणार, हेही तेव्हाच ठरवा.

आई नाशिकहून माझ्याकडे आली होती. इथे न्यूमोनियानं भरती करावं लागलं. आता परत जातेय. हॉस्पिटल तिथल्या डॉक्टरांना थेट कागद पाठवू शकेल का? तिचं आभा कार्डही (भारतातलं आरोग्य ओळखपत्र) आहे.
— सिॲटल

या डायरेक्टच्या मार्गानं नाही, ताई. तिथल्या डॉक्टरांचा एनपीआय नसतो आणि डायरेक्टचं वर्तुळही अमेरिकेतलंच आहे. आभाचा 14 आकडी क्रमांक आणि आभा पत्ता आईचा स्वतःचा आहे. तिच्या संमतीनं भारतातली हॉस्पिटलं त्यावरून तिच्या नोंदी मागवू शकतात, पण तुमचं सिॲटलचं हॉस्पिटल त्या जाळ्यात नाही.

तेव्हा कागद तुम्हालाच न्यावे लागतील. पेशंट पोर्टलवरून डिस्चार्ज समरी आणि लॅब रिपोर्ट पीडीएफमध्ये उतरवून घ्या. एक्स-रे आणि सीटीच्या फक्त रिपोर्टवर थांबू नका, मेडिकल रेकॉर्ड्स विभागाकडून मूळ चित्रांची सीडी मागा. औषधांची यादी जेनेरिक नावांनिशी लिहून घ्या, कारण इथली ब्रँडची नावं नाशिकच्या केमिस्टला ओळखीची नसतील. अँटिबायोटिक कोणत्या तारखेला सुरू झालं आणि कधी संपवायचं, तेही त्यातच लिहून मागा. तिथले डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतील.