एकदा पिल्लं होऊ द्यावीत का?

प्रश्न : मांजर सात महिन्यांची आहे. शेजारच्या काकू म्हणतात, एकदा विऊ द्या, मग नसबंदीचं ऑपरेशन करा. खरं का? – एक वाचक, चोपडा

उत्तर : अजिबात नाही. मांजर पाचव्या-सहाव्या महिन्यातही माजावर येते, गाभणकाळ जेमतेम 63-65 दिवसांचा, आणि पिल्लं अंगावर पीत असतानाही ती पुन्हा गाभण राहते. एवढ्यांना घरं काकू शोधणार आहेत का? आताच करा. आधी किती तास उपाशी ठेवायचं ते डॉक्टरांना विचारा. पोट भरलेलं असेल तर भुलीत उलटी श्वासनलिकेत जाऊ शकते. नंतर 10-12 दिवस गळ्यात शंकूसारखी कॉलर (तोंड टाक्यांपर्यंत पोचू न देणारी) हवीच, नाहीतर चाटून चाटून टाके उसवते. मे महिन्यात खानदेशच्या उन्हात दुपारी नेऊ नका. घरात बोका असेल तर खच्चीकरणानंतरही त्याला महिनाभर माद्यांपासून लांब ठेवा. तोवर पिल्लं होऊ शकतात.