चित्रांचं राहू द्या, आधी पाटल्या सोडवा

निपाणीजवळच्या एका शिक्षकांचं पत्र आहे. नोव्हेंबर 2021 मध्ये 1 लाख 80 हजारांना घेतलेल्या दोन एनएफटी चित्रांना (ऑनलाइन विकली जाणारी डिजिटल चित्रं) आज चार हजारसुद्धा कुणी देत नाही. ठेवू की विकू, असं ते विचारतात.

सर, गिऱ्हाईक मिळालं तर विका. ट्विटरचे एक संस्थापक जॅक डॉर्सी यांचं पहिलं ट्वीट मार्च 2021 मध्ये एनएफटी म्हणून 29 लाख डॉलरला गेलं. पुढच्याच वर्षी मालकानं ते लिलावात काढलं, तर सगळ्यात मोठी बोली 300 डॉलरच्या आत! तुमच्याकडे आहे ती चित्राच्या मालकीची डिजिटल नोंद. तिला भाडं नाही, व्याज नाही. पुढचा कुणीतरी जास्त देईल, एवढीच आशा. विकल्यावरचा तोटा आयकरात दुसऱ्या कुठल्याही उत्पन्नातून वजा होत नाही. ते पैसे आता गेलेच.

पण पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहून गेलात, ते मी तीनदा वाचलं. चित्रांसाठी पैसे आले वहिनींच्या पाच तोळ्यांच्या पाटल्या सोसायटीत, म्हणजे पतसंस्थेत, तारण ठेवून, 12 टक्क्यांनी. दरवर्षी व्याज भरून कर्ज नवं-जुनं करता. म्हणजे वर्षाला 21,600. चार वर्षांत सुमारे 86 हजार गेले आणि मुद्दल जिथल्या तिथे. त्याच सोसायटीत मुलीसाठी सव्वादोन लाखांची ठेव आहे, 7 टक्क्यांनी, आणि तिला हात लावायचा नाही म्हणता. अहो, 7 मिळवायला 12 भरताय! 1 लाख 80 हजारांवर वर्षाला नऊ हजार असेच चालले आहेत. शिवाय पतसंस्थेतल्या ठेवीला बँकेसारखं पाच लाखांचं विमा संरक्षण नसतं.

आता तोळा लाखाच्या वर गेला म्हणून सोसायटी त्याच पाटल्यांवर आणखी दोन लाख द्यायला निघाली आहे, आणि तुम्ही त्यातून 'सरासरी खाली आणायला', म्हणजे खरेदीचा सरासरी भाव कमी करायला, आणखी चित्रं घेणार? महिन्याला 3,800 नुसतं व्याज होईल. कृपा करून सही करू नका. घरात वाढलं ते सोनंच, आणि तेच तुम्ही पुन्हा डावावर लावताय.

ठेव मोडा. मुदतीआधी मोडल्याबद्दल थोडं व्याज कापतील, कापू द्या. कर्ज फेडा, उरलेले राष्ट्रीयीकृत बँकेत मुलीच्या नावानं ठेवा आणि वाचलेल्या व्याजाचे महिना 1,800 तिथेच आवर्ती ठेवीत भरा. सोसायटीत जाताना तारणाची मूळ पावती आणि वहिनींना बरोबर न्या. पाटल्या त्यांच्यासमोर काट्यावर ठेवून, पावतीवरचं वजन जुळल्यावरच ताब्यात घ्या.