'पॅन'चा परातीशी संबंध नाही

प्रश्न असा आहे: "घरी गाणं मिक्स करताना तबल्याचा ट्रॅक डावीकडे आणि तानपुऱ्याचा उजवीकडे पॅन केला. मित्र म्हणतो, नदीतली वाळू परातीत हलवून सोनं वेगळं काढतात, त्यावरून हा शब्द आला. खरं का? आणि मराठीत 'पॅन करणे'ला काय म्हणावं?"

खरं नाही. ही व्युत्पत्ती मी वारंवार ऐकतो आणि दर वेळी तितकाच वैतागतो. सोनं धुण्याची परात आणि आमलेटचा पॅन ही इंग्रजीतली जुनी भांडीकुंडी. मिक्सरवरचा पॅन वेगळ्या घराण्यातला. त्या कळीचं पूर्ण नाव पॅनोरमिक पोटेन्शियोमीटर, त्याचं झालं पॅनपॉट आणि पुढे नुसतं पॅन. वॉल्ट डिस्नीच्या १९४० सालच्या 'फँटेझिया'साठी आवाज पडद्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नेताना तंत्रज्ञांनी अशीच कळ वापरली होती.

कॅमेऱ्याचा पॅनही याच पॅनोरामाचा. म्हणून लग्नाच्या शूटिंगमध्ये कुणी "वर पॅन कर" म्हणालं की माझ्या कपाळाला आठी पडते. वर-खाली तो टिल्ट. पॅन डावी-उजवीकडेच होतो, कारण मूळचा पॅनोरामा आडवा, प्रेक्षकाभोवती गोल पसरलेला होता. रॉबर्ट बार्कर हा आयर्लंडमध्ये जन्मलेला, एडिनबरोत राहणारा चित्रकार. प्रेक्षकाला मधोमध उभं करून भोवती सगळीकडे चित्र लावायचं, ही कल्पना त्याची. १७८७ साली त्यानं तिचं पेटंट घेतलं, तेव्हा तिला लांबलचक फ्रेंच नाव होतं. 'पॅनोरामा' हे नाव काही वर्षांनी आलं आणि १७९३ मध्ये लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमध्ये त्यासाठी खास गोल इमारत उभी राहिली. ग्रीक 'पान' म्हणजे सर्व, 'होरामा' म्हणजे दृश्य. सगळं दिसतं ते पॅनोरामा. त्यातलं दृश्य गळून पडलं, 'सर्व' तेवढं उरलं, आणि तेच आपण कानासाठी वापरतो!

आता माझ्या आवडीच्या मुद्द्याकडे येतो. हे 'पान' आपल्या 'शाश्वत'चं सख्खं भावंड आहे, असं पूर्वी मानत; ते पटण्यासारखं वाटतं, पण आज टिकत नाही. शाश्वत आला 'शश्वत्'वरून. आपण त्याचा अर्थ 'कायमचा' एवढाच धरतो, पण ऋग्वेदात शश्वत् 'पुष्कळ, प्रत्येक, सर्व' या अर्थानंही येतो. ग्रीक 'पास', त्याचं नपुंसकलिंगी रूप 'पान', याचाही अर्थ 'प्रत्येक, सर्व' हाच. उच्चार जुळत नाहीत असं वाटेल, तर घोडा पाहा. संस्कृतात अश्व, ग्रीकमध्ये हिप्पोस, आणि हे दोन्ही एकाच मूळ शब्दाचे, यावर कुणाचंच दुमत नाही. म्हणजे संस्कृतातल्या 'श्व'च्या जागी ग्रीकमध्ये 'प' येतो. मग शश्वत्-मधल्या 'श्व'समोर 'पान'चा 'प' का नको, असा तो तर्क.  भाषाशास्त्रज्ञ यूलियस पोकोर्नीच्या १९५९ च्या इंडो-युरोपीय व्युत्पत्तिकोशात हे दोन्ही शब्द 'फुगणे, वाढणे' या अर्थाच्या एकाच धातूखाली मांडले आहेत. आपला 'श्वि' धातूही तिथेच.

अलीकडचे अभ्यासक हे मोडीत काढतात. त्यांचा मोठा आधार म्हणजे तोखारी, चीनमधल्या तारीम खोऱ्यातली मृत भाषा. तिथे 'सर्व'साठी 'पो' आहे आणि घोड्यासाठी 'यक्वे'. म्हणजे तोखारीत अश्वाचा 'प' होत नाही, तरी 'पो'मध्ये तो आहे, तेव्हा तो मुळातलाच असणार, असा त्यांचा युक्तिवाद. तो बिनतोड आहे. आणि तोखारीचं 'पो' व ग्रीकचं 'पान' एकच, हे नुसतं गृहीत धरलेलं नाही. 'पो'ची अनेकवचनी रूपं 'पोन्त-' अशी आहेत, ग्रीकच्या 'पान्त-'शी जुळणारी. शिवाय मायसीनी या सर्वांत जुन्या ग्रीकमध्ये घोडा अजून 'इक्वो' आहे, 'प' नाही; पण 'सर्व'मध्ये मात्र तेव्हाही 'प'च आहे. तेव्हा अर्थ जुळला, तरी शश्वत् आणि पास वेगळेच.

(याच ओघात कुणी 'स्टिरिओ म्हणजे स्थिर' असं सांगेल. ते मात्र मानू नका. स्थिर हा 'स्था' धातूपासून, त्यातला 'र' प्रत्ययाचा. ग्रीक 'स्टेरेओस'मधला 'र' धातूतच आहे. त्याचा अर्थ घन, भरीव. 'दोन' असा तर मुळीच नाही.)

मराठीचं म्हणाल तर स्टुडिओत कुणी नवा शब्द घडवत बसत नाही. "तबला थोडा लेफ्टला घे", "आवाज सेंटरलाच राहू दे" असंच बोलतात. लिहिताना मी 'सरकवणे' वापरतो, कारण पॅनमध्ये नेमकं तेच घडतं. आवाज एका स्पीकरमध्ये वाढतो, दुसऱ्यात कमी होतो, आणि कानाला वाटतं की वादक जागचा हलला. मधोमध असताना दोन्हीकडे साधारण ३ डेसिबल कमी ठेवतात, नाहीतर दोन स्पीकरची बेरीज होऊन मधला आवाज उगाच मोठा वाटतो.

राहिला तानपुरा. तो दोन माइकनं स्टिरिओत घेतला असेल, तर बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये त्या ट्रॅकवरची कळ पॅन करतच नाही, बॅलन्स करते. ती उजवीकडे फिरवली की डाव्या माइकचा आवाज नुसता मंदावतो, सरकत नाही. तेव्हा आधी तो ट्रॅक मोनो (एकाच चॅनेलचा) आहे का, ते तपासा.