नळ बंद असताना मीटर फिरतं आणि पाण्याचं बिल दुप्पट आलंय; मीटर बदलून मागू का?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: काळे आणि लाल यांपैकी कोणते आकडे वाचायचे, सगळे नळ बंद असताना मीटरच्या तबकडीवरची बारीक चांदणी (पाणी वाहताना फिरणारं छोटं ताऱ्यासारखं चाक) का हलते, आणि बिल दुप्पट आलं म्हणून मीटर बदलून मागावं का. शेवटच्याचं उत्तर आधी देतो. एवढ्यात नको. मी एकदा ती घाई केली होती. बिल फुगलेलं पाहून तावातावाने अर्ज दिला की मीटर सदोष आहे, काढून तपासा. तपासणीत मीटर चोख निघालं, तपासणीची फी माझ्याच बोकांडी बसली, आणि खरा चोर निघाला संडासातला फ्लश. आवाज नाही, ओल नाही. टाकीतलं पाणी भांड्याच्या मागच्या भिंतीवरून गुपचूप उतरत होतं.

आता आकडे. काळे म्हणजे पूर्ण घनमीटर, आणि 1 घनमीटर म्हणजे 1000 लिटर. लाल आकडे दशांश चिन्हापुढचे. काळ्यात 00347 आणि लालमध्ये 682 दिसत असेल तर मीटरमधून आजवर 347 घनमीटर आणि 682 लिटर पाणी गेलं. बिलासाठी सहसा काळेच घेतात, पण तुम्ही स्वतः नोंद ठेवाल तेव्हा लालही लिहा. गळती सापडते ती लाल आकड्यांतच. (मीटरवर घनमीटरची खूण आहे ना, तेवढं बघून घ्या. काही देशांत घनफुटाची किंवा गॅलनची मीटरं असतात. 1 घनफूट म्हणजे साधारण 28.3 लिटर.)

काही मीटरांवर लाल आकड्यांच्या जागी काट्यांच्या छोट्या तबकड्या असतात, शेजारी ×0.1, ×0.01, ×0.001, ×0.0001 असं छापलेलं. ×0.0001 चा काटा एक पूर्ण फेरी मारतो तेव्हा 1 लिटर पाणी गेलेलं असतं. काटा दोन आकड्यांच्या मधे असला की मागचा आकडा घ्यायचा. घोळ होतो तो काटा बरोब्बर आकड्यावर आल्यासारखा दिसतो तेव्हा. समजा ×0.1 चा काटा 7 वर दिसतोय. मग ×0.01 ची तबकडी पाहा. ती 9 दाखवत असेल तर 7 अजून व्हायचाय, 6 लिहा. ती 0 ओलांडून पुढे गेली असेल तर 7. सातला पाच मिनिटं कमी असताना घड्याळातला तासकाटाही सातावरच दिसतो की!

वाचता आलं की बिल हातात घ्या. बिलावरचा मीटर क्रमांक आणि मीटरच्या अंगावर कोरलेला क्रमांक एकच आहे का? बिलातलं 'चालू वाचन' आज मीटरवर दिसणाऱ्या आकड्यापेक्षा मोठं तर नाही? असेल तर वाचन चुकलंय, पुढचं काही शोधायची गरजच नाही. फोटो काढा आणि अर्ज द्या. तिसरी गोष्ट लोक हमखास विसरतात. आधीची एक-दोन बिलं 'सरासरी' किंवा 'अंदाजे' अशी होती का ते पाहा. तेव्हा अंदाज कमी धरला गेला असेल आणि आता प्रत्यक्ष वाचन झालं असेल, तर मागची थकलेली तफावत या एका बिलात येते आणि ते दुप्पट वाटतं. लाल आकडा काळ्यात धरल्याची चूकही होते, पण तिने वाचन दहापट होतं, बिल आभाळाला भिडतं. तुमचं दुप्पटच आहे, म्हणून तो संशय मी बाजूला ठेवेन.

आता चांदणी. ती थोडी पुढे, थोडी मागे अशी थरथरत असेल तर लाइनमधला दाब वरखाली होतोय एवढाच अर्थ. एकाच दिशेने, कितीही सावकाश का होईना, फिरत असेल तर पाणी कुठेतरी जातंय.

कुठे जातंय हे शोधायला रात्रीची वेळ बरी. टाकी पूर्ण भरू द्या, सगळे नळ बंद करा, लाल आकडे लिहा आणि दोन तास कोणालाही पाणी वापरू देऊ नका. पाणी ठराविक वेळीच येत असेल तर हे लाइनला पाणी असतानाच करायचं, नाहीतर मीटर गप्प बसेल आणि तुम्ही उगाच निर्धास्त व्हाल. आकडा पुढे गेला तर टाकीत पाणी सोडणारा कॉक बंद करून पुन्हा पाहा. तरीही चांदणी फिरत असेल तर गळती मीटर आणि टाकी यांच्या मधल्या पाइपात आहे, बहुधा जमिनीखाली किंवा भिंतीत. कॉक बंद केल्यावर थांबली तर एकतर बॉलकॉक नीट बसत नाही आणि जादा पाणी ओव्हरफ्लोच्या पाइपातून जातंय, किंवा टाकीच्या पुढे घरात कुठेतरी गळतंय. फ्लशची परीक्षा सोपी आहे. त्याच्या टाकीत खायच्या रंगाचे चार थेंब टाका, अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला की समजा आतलं रबर गेलं.

ताशी 10 लिटर म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसणारी धार. दिवसाला 240 लिटर होतात, महिन्याला 7 घनमीटरच्या वर.

यातून काहीच निघालं नाही तर मग मीटरवर संशय घ्या, पण आधी घरीच मोजा. एक डबा वजनकाट्यावर ठेवून बरोबर 20 किलो पाणी भरा आणि तिथे खूण करा, कारण 1 लिटर पाण्याचं वजन 1 किलो असतं. बादलीवर छापलेल्या खुणांवर माझा विश्वास नाही. नळ नेहमीसारखा सोडून तो डबा पाच वेळा भरा. नळ थेट लाइनवरचा हवा, टाकीतून येणारा नको. मीटर 100 लिटर पुढे जायला हवं. घरगुती वापराच्या साध्या नव्या मीटरला नेहमीच्या प्रवाहात 2 टक्के इकडेतिकडे चालतं, अगदी बारीक प्रवाहात 5 टक्के. तुमच्या मोजण्यातली चूक धरूनही 110-115 येत असेल तर तक्रारीत दम आहे. एरवी पंख्याचं मीटर, म्हणजे आतला छोटा पंखा पाण्याने फिरून मोजणारं, झिजलं की जलद धावत नाही, मंदावतं. म्हातारं मीटर तुमच्याच बाजूचं असतं म्हणा ना.

जलद धावण्याचं खरं कारण बऱ्याचदा हवा असते. बंद लाइन पुन्हा चालू होते तेव्हा पाण्याच्या पुढे हवा ढकलली जाते, आणि आतल्या पंख्याला कोण ढकलतंय हे काही कळत नाही. पाणी यायच्या वेळी मीटरजवळ उभे राहा. नळातून नुसता फुसफुसाट होत असताना आकडे पळत असतील तर आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांचे फोटो घ्या किंवा व्हिडिओच काढा. हवा सोडणारा व्हॉल्व्ह मुख्य लाइनवर लागतो, ते काम पाणीपुरवठा करणाऱ्यांचं.

मीटर अडकलं, काच आतून धुरकटली, तर ठोकाठोकी करू नका आणि सील तर मुळीच तोडू नका. दोष मग तुमच्याच नावावर जातो. अडकण्यामागे पुष्कळदा आत शिरणाऱ्या बाजूच्या जाळीत बसलेली वाळू असते. मीटरवरचा बाण पाण्याच्या दिशेला आहे का, तेही एकदा बघा. उलटं बसवलेलं मीटर मागे फिरतं आणि मग बिलाचा गुंता वेगळाच होतो.

अर्जात रागाचं एक वाक्यही लिहू नका. मीटर क्रमांक, सलग सात दिवसांची एकाच वेळची वाचनं, दोन तासांच्या चाचणीचा आकडा आणि डब्याने केलेलं मोजमाप, एवढं कागदावर द्या आणि पोच घ्या. मीटर बदलायचं ठरलंच, तर जुनं काढण्याआधी त्याच्या शेवटच्या आकड्याचा आणि नवीन बसल्यावर त्याच्या पहिल्या आकड्याचा फोटो काढा, क्रमांक दिसेल असा. पुढच्या बिलात जुन्या मीटरचं मागचं वाचन आणि नव्याचं चालू वाचन एकमेकांतून वजा झालेलं मी पाहिलंय, आणि ते निस्तरायला हे दोन फोटोच कामी आले.