आठ इंची आरशाला नऊ टेकू हवेत का?

प्रश्न: मी न्यूटोनियन दुर्बीण बनवतो आहे. आरसा बोरोसिलिकेट काचेचा, व्यास २०० मि.मी., जाडी ३२ मि.मी., नाभीय अंतर १२०० मि.मी. त्याची बैठक फ्रीकॅड या आराखडे काढायच्या प्रोग्रॅममध्ये काढली आहे: तीन झुलत्या त्रिकोणांवर नऊ टेकू आणि भोवती घट्ट बसणारं ॲल्युमिनियमचं कडं. पण आरशाचा व्यास जरा बदलला की चित्रातली स्क्रूंची भोकं भलतीकडे जातात. काय करू?

उत्तर: भोकांकडे येतोच. आधी नऊपैकी सहा टेकू काढून टाका.

तुमच्या आरशाची जाडी व्यासाच्या जवळजवळ सहाव्या हिश्शाइतकी आहे. असा आरसा तीन टेकूंवर निवांत बसतो. ते मध्यापासून त्रिज्येच्या ०.४ पट, म्हणजे ४० मि.मी. अंतरावर ठेवा. कुठे ०.७ असंही वाचाल. टेकूंवर आरसा किती वाकतो ते सांगणाऱ्या प्लॉप नावाच्या मोफत प्रोग्रॅममध्ये दोन्ही आकडे घालून पाहा, एवढ्या जाड काचेला तो फरक झोप उडवणारा नाही. झुलते त्रिकोण मोठ्या किंवा पातळ आरशांना शोभतात. लॉर्ड रॉस यांच्या १८४५च्या ७२ इंची दुर्बिणीचा आरसा पुढे ८१ टेकूंवर तोलला होता, पण तो धातूचा आणि काही टनांचा. तुमचा भरतो जेमतेम सव्वादोन किलो.

कडं मात्र खरंच घातक आहे. थंडीत ॲल्युमिनियम या काचेच्या सातपट आकसतं. तापमान २० अंशांनी उतरलं तर २०० मि.मी. व्यासात जवळपास ०.०८ मि.मी.चा फरक पडतो, आणि घट्ट कड्यात तेवढी जागाच नसते. आरसा आवळला गेला की ताऱ्याचा ठिपका बिघडतो. तीन जागी आवळला तर चक्क तिकोनी दिसतो. कड्याऐवजी तीन क्लिपा लावा आणि क्लिप व काच यांच्यामध्ये व्हिजिटिंग कार्डाएवढी फट ठेवा. आरसा किंचित खुळखुळला तरी चालेल.

आता भोकं. ती बहुधा तुम्ही आधीच्या आकाराच्या एखाद्या कडेला किंवा पृष्ठाला बांधली आहेत. आकार बदलला की प्रोग्रॅम त्या कडांना नव्याने क्रमांक देतो आणि भोक दुसऱ्याच कडेला जाऊन चिकटतं. नोव्हेंबर २०२४मध्ये आलेल्या फ्रीकॅडच्या १.० आवृत्तीत हा त्रास बराच कमी झाला, तरी सवय चांगली लावा. स्प्रेडशीट उघडून आरशाचा व्यास, जाडी, दुर्बिणीच्या नळीचा आतला व्यास, टेकूंचं आणि स्क्रूंचं मध्यापासूनचं अंतर यांना नावं द्या. स्केच मूळ प्रतलांवर काढा, मापं त्या नावांवरून घ्या. भोक एकच पाडा आणि पोलर पॅटर्नने, म्हणजे मध्याभोवती नकला करणाऱ्या सोयीने, १२० अंशांवर तीनदा फिरवा. व्यास व्हर्नियरने दोन दिशांनी मोजा. विकणाऱ्याने सांगितलेल्या २०० वर मी कधीच विसंबत नाही.

आरसासुद्धा ठोकळा म्हणून चित्रात असू द्या. मग आरसा धरणारी हलती चकती दोन अंश कलती करून पाहा: नळीला घासते का, क्लिप काचेत घुसते का. जुळणीचे, म्हणजे आरशाचा कल बदलायचे, स्क्रू मध्यापासून ९० मि.मी.वर आणि एम-६ (६ मि.मी. जाडीचे) धरले, तर एका स्क्रूचा पूर्ण फेरा चकतीची ती बाजू १ मि.मी. उचलतो आणि नाभीपाशी प्रतिमा सुमारे १८ मि.मी. सरकते. अंधारात पाव फेराही खूप वाटतो. म्हणून स्क्रूला मोठी, बोटांत मावणारी मूठ द्या, आणि स्प्रिंग कडक घ्या. मऊ असली तर दुर्बीण वळवताच जुळणी ढळते.

प्लायवूड कापणार असाल तर चित्र मूळ मापात कागदावर छापून चिकटवा आणि त्यावरूनच भोकांचे मध्य टोचा. त्या कागदावर १०० मि.मी.ची एक रेघ जरूर काढा. पट्टीने मोजून ती ९७ भरली, तर प्रिंटरने चित्र पानात बसवण्यासाठी आक्रसलं आहे. ‘फिट टू पेज’ची खूण काढा आणि पुन्हा छापा.